मिडी आणि साठवण: संगणकावरच्या संगीताची जडणघडण

1980 च्या सुमारास एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी जोडणे हा डोकेदुखीचा उद्योग होता. रोलँडची वाद्ये सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबाने सूर ओळखत. कोर्ग आणि यामाहाचा हिशेब निराळा. तालयंत्रांमध्येही एकवाक्यता नव्हती. ज्या अवधीत रोलँडचे यंत्र 24 विद्युत ठोके पाठवी, त्याच अवधीत लिनड्रम 48 आणि ओबरहाइमचे यंत्र 96 पाठवी. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून जी तबकडी केली, तिच्यातली ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303 ही तिन्ही यंत्रे रोलँडचीच होती. एकाच घराण्यातली असल्याने ती एकमेकांशी बोलू शकत. बाकीच्यांना तारा आणि डबड्या जोडत बसावे लागे.

यावर तोडगा काढण्यासाठी रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी 1981 मध्ये अमेरिकी उत्पादकांशी बोलणी सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी त्याच वर्षी चेट वुड यांच्यासह एका सामाईक जोडणीचा आराखडा ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत मांडला. यामाहा, कोर्ग आणि कावाई या जपानी कंपन्याही पुढे या कामात उतरल्या. जानेवारी 1983 मध्ये ॲनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका केबलने जोडले गेले. एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. त्याच वर्षी या सामाईक जोडणीची, म्हणजे मिडी 1.0 ची, नियमावली निघाली. ती वापरण्यासाठी कुणाकडून पैसे घेतले गेले नाहीत, आणि तिच्या यशाचे मोठे श्रेय या उदारपणाला द्यावे लागते.

तांत्रिकदृष्ट्या मिडी हा काटकसरीचा नमुना होता. पाच पिनांचा स्वस्त सॉकेट घेतला आणि त्यातल्याही तीनच पिना वापरल्या. एका वाद्याचा विजेचा गुंजारव दुसऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये प्रकाशाने संदेश देणारा सुटा भाग बसवला. वेग ठरला सेकंदाला 31,250 बिट, कारण 1 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला 32 ने भागले की हा आकडा सहज मिळतो. या वेगाने एक सूर सुरू करण्याचा संदेश जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा सूर एकदम दाबले, तर शेवटचा सूर कानाला जेमतेम जाणवेल इतका मागे पडतो, आणि त्यावरून वादकांनी बरीच कुरकुर केली. मिडीच्या तारेतून ध्वनी जातच नाही. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच जाते. जोर मोजायला 0 ते 127 असे 128 टप्पे, आणि वाद्यांसाठी 16 वाहिन्या.

भारतीय संगीताची अडचण इथेच होती. सूर वाकवण्याचा संदेश 16,384 पायऱ्यांचा असल्याने मींड काढता येई, पण तो संपूर्ण वाहिनीला लागू होई. एका सुराची मींड घेतली की त्याच वाहिनीवर वाजणारे बाकीचे सूरही तिच्यासोबत सरकत. प्रत्येक सुराला वेगळी वाहिनी देणारी पद्धत, एमपीई, अधिकृत व्हायला 2018 उजाडले.

मिडीची काटकसर संगणकाच्या मात्र पथ्यावर पडली. 1985 मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीचे सॉकेट मुळातच होते, आणि हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने 1989 मध्ये त्याच्यासाठी क्युबेस हे संगीत सॉफ्टवेअर काढले. तीन मिनिटांच्या गाण्याचा मिडी मजकूर दहा-पन्नास किलोबाइटांत बसे. तेच गाणे सीडीच्या दर्जाने, दोन वाहिन्यांत मुद्रित केले तर सुमारे 32 मेगाबाइट लागत, म्हणजे 1.44 मेगाबाइटच्या 22 फ्लॉप्या. वाद्याच्या आवाजांची बेगमीही अशाच जपून होई. यामाहाच्या डीएक्स-7 चे 32 आवाज 4,104 बाइटांत संगणकावर उतरवता येत आणि परत वाद्यात भरता येत.

खरा ध्वनी साठवणारी सॅम्पलर यंत्रे मात्र सतत जागेसाठी झगडत. 1988 च्या आकाई एस-1000 मध्ये मुळात 2 मेगाबाइट स्मृती होती. एका वाहिनीचा जेमतेम 24 सेकंदांचा आवाज तिच्यात मावे. यंत्र बंद केले की सगळे पुसले जाई, म्हणून स्टुडिओत फ्लॉप्यांचे डबे आणि पुढे हार्ड डिस्क व काढता-घालता येणाऱ्या झिपसारख्या डिस्क आल्या. 1998 च्या गिगासॅम्पलरने वेगळी वाट काढली. प्रत्येक आवाजाची सुरुवात तेवढी स्मृतीत ठेवायची आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून ओढायचा. त्यामुळे कित्येक गिगाबाइटांचे पियानो शक्य झाले. पण फिरत्या डिस्कच्या सुईला एका वेळी एकाच जागी जाता येते. म्हणून संगणकाची प्रणाली, आवाजांचा संग्रह आणि ध्वनिमुद्रण तीन स्वतंत्र डिस्कवर ठेवण्याचा प्रघात पडला. एसएसडी आल्यावर त्याची निकड खूपच कमी झाली, तरी सवय टिकून आहे.

आवाज संगणकातच तयार होऊ लागल्यावर कीबोर्डला स्वतःच्या आवाजाची गरज उरली नाही. 1996 मध्ये स्टाइनबर्गने संगीत सॉफ्टवेअरला बाहेरचे जोडभाग लावण्याची व्हीएसटी ही पद्धत आणली, 1999 मध्ये यूएसबीवरून मिडी नेण्याचा नियम ठरला, आणि एकाच केबलमधून वीज व संदेश दोन्ही घेणारे 25 पट्ट्यांचे कंट्रोलर टेबलावर आले. मिडीने नॉब आणि फेडर यांना दिलेले क्रमांक मात्र तेच राहिले: आवाजाची पातळी 7, डावे-उजवे 10, पेडल 64.

जानेवारी 2020 मध्ये मिडी 2.0 संमत झाले. त्यात जोराचे 128 टप्पे 65,536 झाले आणि संवाद दुतर्फा झाला. जुनी वाद्ये मात्र बाद ठरवलेली नाहीत. साठवणीच्या बाबतीत 1988 मध्ये ठरलेली प्रमाण मिडी फाइल सर्वांत टिकाऊ निघाली. अटारीवरच्या क्युबेसचा मूळ प्रकल्प आज उघडेलच असे नाही, पण त्याच गाण्याची मिडी फाइल करून ठेवलेली असेल, तर ती आजही जवळपास कोणत्याही संगीत सॉफ्टवेअरमध्ये उघडते.