अप-डाऊन : पांढरीपासून ले-आऊटपर्यंत

आज फवारणी-खताची नोंद नाही. आज 'अप-डाऊन' या शब्दाबद्दल लिहितो. आपल्या वऱ्हाडात शाळेतल्या पोरापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हा शब्द ठाऊक आहे. कुणी कामरगावहून कारंजाला अप-डाऊन करतो, कुणी अमरावतीला. उलटीकडून मास्तर, डॉक्टर, साहेब लोक शहरातून गावाकडे अप-डाऊन करतात. सकाळच्या एसटीत दोन्ही बाजूंनी माणसं भरलेली असतात.

आमच्या घरात सध्या हाच विषय आहे. पुतण्याला अमरावतीत नोकरी लागून वर्ष झालं. घरून निघून ड्युटीवर पोचायला दीड तास आणि परत यायला दीड. "काका, तीन घंटे रोज रस्त्यातच जाते," असं तो म्हणतो, आणि हिशेब खरा आहे. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने नऊ दिवसांच्या वर मजुरी. आता त्याला अमरावतीच्या कडेला, वावरात पाडलेल्या एका ले-आऊटमध्ये प्लॉट दिसतो आहे. "मोकळं आहे, गावासारखंच वाटते, अन् ड्युटी अर्ध्या तासावर." त्यासाठी दोन एकर विकावं लागेल. आमची आई एकच वाक्य बोलते, "वावर इकून घर घ्याचं, मंग खाचं काय?"

दोघांचंही खरं आहे. म्हणून म्हटलं, निर्णय करण्याआधी जरा मागे जाऊन पाहू. गावासारखं राहायचं आणि कामाला दुसरीकडे जायचं, ही गोष्ट काही आजची नाही.

पांढरी आणि काळी

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे कसायची. आपल्याकडे घर वावरात नव्हतं. सगळे गावठाणात दाटीने राहत आणि वावर शिवारात. कारण सरळ होतं. पाणी एका जागी, गढीचा आधार एका जागी, आणि रात्री-अपरात्री लुटारू आले तर एकटं घर वाचत नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याचं अप-डाऊन तेव्हापासूनच आहे. सकाळी बैलजोडी घेऊन पांदणीने जायचं, दिवेलागणीला परत.

किती लांब जायचं, यालाही मर्यादा होती. मायकेल चिशोल्म या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९६२ साली यावर पुस्तक लिहिलं. ठिकठिकाणचे दाखले तपासून तो म्हणतो, वस्तीपासून किलोमीटरभर पुढे गेलं की जमिनीवर घातलेली मेहनत कमी होऊ लागते, आणि तीन-चार किलोमीटरनंतर अंतर जाचक होतं. हे आपल्याला पुस्तकाशिवायही कळतं. शेणखताची गाडी गावालगतच्या वावरात आधी पडते. लांबच्या वावरात डवरणी एक दिवस उशिरा होते, आणि रोह्यांचा कळप आधी तिथंच शिरतो. अंतराची किंमत पेट्रोलच्या आधी पिकात चुकवावी लागते.

माणसाच्या येण्याजाण्याबद्दलही असंच एक निरीक्षण आहे. इटलीचे चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं की वाहन कोणतंही असो, पायी असो की मोटार, माणूस दिवसाचा साधारण एक तास प्रवासाला देतो, जाणं-येणं धरून. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. पुतण्या आज तीन तास देतो. म्हणजे तो थकतो यात त्याचा आळस नाही.

परकोट, कॅम्प आणि रेल्वे

आपल्याजवळचं शहर अमरावती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या भीतीने शहराला परकोट बांधला गेला. अंबागेट, जवाहर गेट, खिडक्या ही नावं आजही तोंडात आहेत. आपल्या कारंजालाही वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. त्या काळी शहाणा माणूस वेशीच्या आत घर शोधायचा, कारण बाहेर राहणं म्हणजे धोका.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि हे उलटलं. इंग्रज अंमलदारांनी परकोटाबाहेर मोकळ्या जागेत बंगले बांधले. तो भाग आजही 'कॅम्प' म्हणूनच ओळखला जातो. शहराजवळ, पण शहरात नाही. मोठं आवार, झाडं, विहीर, आणि कचेरी घोडागाडीच्या अंतरावर. आपल्या भागातलं पहिलं 'गावासारखं उपनगर' म्हणायचं तर तेच. फक्त ते हुकमाने वसलं होतं, सातबारा विकून नाही.

१८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीला फाटा मिळाला. त्यामुळे बडनेरा हे गाव स्टेशन झालं, मग बाजार झालं, आणि १९८३ साली अमरावती महानगरपालिका झाली तेव्हा तिच्यात गेलं. गाव जागेवरच राहिलं, शहर चालत त्याच्याकडे आलं.

आपल्या कारंजालाही रेल्वे आली, शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. किलिक-निक्सन या कंपनीने ती चालवली, कापसासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. म्हातारी माणसं तिच्याबद्दल मायेने बोलतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कापसाच्या गाठींना दहाची ड्युटी नसते. दिवसातून एखादी फेरी करणाऱ्या संथ गाडीच्या भरवशावर कारंजातला माणूस दुसऱ्या गावी नोकरी करू शकत नव्हता. आता ती गाडीही बंद आहे. रूळ असणं म्हणजे येण्याजाण्याची सोय असणं नव्हे. सोय असते ती वेळापत्रकात.

मुंबईने केलं ते

वेळापत्रकाची ताकद पाहायची तर मुंबईकडे पाहावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तरी लोक दाट वस्तीतच राहत होते. १८९६ साली प्लेग आला आणि हवेशीर घराची किंमत लोकांना कळली. आपल्याकडेही प्लेगात गाव सोडून लोक वावरात झोपड्या टाकून राहत, हे जुन्यांनी सांगितलेलं आहेच. मुंबईत १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या राहिल्या. १९२५ साली विजेची गाडी आली आणि १९२८ ला ती बोरिवलीपर्यंत पोचली.

मग मध्यमवर्गीय मराठी माणूस पार्ले, जोगेश्वरीकडे सरकला. पु. ल. देशपांड्यांचं लहानपण जोगेश्वरीत गेलं. तेव्हा तो भाग साष्टी बेटावरच्या भातशेतीचा आणि वाड्यांचा होता. 'गावासारखं आहे आणि ऑफिस गाडीच्या अंतरावर' हे तिथं खरंच होतं. पण १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. भातखाचरं गेली, नाले बुजले, माणूस पुढे डोंबिवलीला गेला, तिथून बदलापूरला.

यात कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला मोकळी हवा हवी होती, आणि प्रत्येकाच्या घराने शेजाऱ्याची मोकळी हवा थोडी कमी केली. आजूबाजूचं वावर दुसऱ्याचं असेल, तर त्याचं हिरवेपण आपल्याला उसनं मिळालेलं असतं. त्या मालकाने ले-आऊट पाडलं की ते संपलं.

ज्याने शेती राखून ठेवली

हे ओळखणारा एक माणूस होऊन गेला, एबेनेझर हॉवर्ड. लंडनमध्ये कोर्टकचेऱ्यांत लघुलेखन करणारा साधा माणूस. १८९८ साली त्याने पुस्तक लिहून उद्यान-नगराची कल्पना मांडली. ६,००० एकर जमीन घ्यायची. त्यातल्या १,००० एकरात ३०,००० माणसांचं शहर आणि ५,००० एकर कायमची शेती, दूध, फळबाग. शहर वाढलं तरी ती शेती फोडायची नाही. गर्दी झाली तर पुढे दुसरं शहर. जमीन सगळ्यांच्या मालकीची, म्हणजे भाव वाढला तर फायदा गावाचा. आणि काम त्याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथं हे प्रत्यक्ष सुरू झालं.

जगभर त्याचं नाव घेऊन वसाहती झाल्या, पण बहुतेकांनी बाग घेतली आणि शेती सोडून दिली. आज ले-आऊटच्या बोर्डावर 'ग्रीन', 'व्हॅली', 'फार्म' लिहिलेलं असतं. पाच एकर शेतीमागे एक एकर वस्ती, हा हिशेब त्यावर नसतो.

महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने एक मोठं काम झालं, पुण्याजवळ हडपसरला. तिथल्या मगर भाऊबंदांची सुमारे १२० कुटुंबं, जमीन ४०० एकरांच्या वर. शहर अंगावर येतंय हे दिसल्यावर तुकडे विकण्याऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि २००० च्या सुमारास मगरपट्टा सिटीचं बांधकाम सुरू झालं. ज्याची जेवढी जमीन, त्याचा तेवढा हिस्सा. घरं आणि आयटीची कार्यालयं एकाच आवारात. शेती राहिली नाही, पण शेतकरी मालक राहिला. मात्र हेही लक्षात असू द्या की पुणं त्यांच्या बांधाला येऊन टेकलं होतं. कामरगावच्या धुऱ्याला अमरावती टेकलेली नाही.

आपल्याकडे समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कारंजाजवळ चढ-उतार मिळाला. रस्त्यालगत नवनगरं वसवायची आणि त्यासाठी जमीन एकत्र करायची, असा बेत सुरुवातीला होता. महामार्गासाठी मात्र बहुतेक शेतकऱ्यांनी थेट खरेदीचे पैसे घेतले. रोजच्या अप-डाऊनला त्याचा उपयोग किती? त्यावर दुचाकी चालत नाही आणि चारचाकीला टोल आहे. ज्याच्या दारात मोटारसायकल उभी आहे, त्याच्यासाठी तो रस्ता पुलाखालून ओलांडायचा आहे.

मग आम्ही काय ठरवलं

पुतण्याला आईनं नाही म्हटलं नाही आणि मीही नाही म्हटलं. रोज तीन तास रस्त्यावर घालवणारा पोरगा वावरालाही कामाचा राहत नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली तर मोटर लावायला त्याच्या अंगात जीव नसतो. पण दोन एकर आज विकायचं नाही, हे पक्कं झालं. वर्षभर तो भाड्याने राहील, शक्यतो बडनेऱ्याकडे, कारण आपल्या बाजूने जाताना शहराआधी बडनेरा लागतं. शनिवारी गावात, सोमवारी ड्युटीवर. पेरणी आणि सोंगणीला सुट्ट्या. सोयाबीन-तुरीचा हिशेब मी त्याला वहीत लिहून देईन, म्हणजे जमीन त्याच्या डोक्यात राहील.

वर्षानंतरही प्लॉटच घ्यायचा ठरला, तर त्याला मी चार कामं लावून दिली आहेत. ज्यांच्या घरी हाच विषय आहे त्यांनीही लिहून घ्या.

एक, ती जागा मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा पाहायची. मे मध्ये पाणी कळतं, जुलैत रस्ता. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, पण ते त्या ले-आऊटच्या नळापर्यंत येतं का, हे तिथं राहणाऱ्या बाईला विचारायचं, प्लॉट विकणाऱ्याला नाही.

दोन, शेवटची बस किंवा ऑटो किती वाजता, हे स्वतः संध्याकाळी उभं राहून पाहायचं. 'शहरापासून दहा मिनिटं' हे रविवारी दुपारी मोजलेलं असतं.

तीन, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा हातात घेऊन तलाठ्याकडे व नगररचना कार्यालयात पडताळायचा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी गुंठ्या-गुंठ्याने इतके व्यवहार झाले की ते नियमित करायला २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. त्यात लोकांची वर्षं गेली, पैसा गेला.

चार, चारी बाजूंचे सातबारे पाहायचे. शेजारचं वावर कुणाच्या नावावर आहे, तो स्वतः पेरतो की व्यापाऱ्याने घेऊन पडीक ठेवलंय? स्वतः पेरणारा असेल तर दहा वर्षं तरी हिरवं दिसेल. पडीक असेल तर तिथं पुढचं ले-आऊट आहे असं समजूनच भाव करायचा.