मोडलेला दागिना, न फुटलेली बशी

मराठीत दागिना 'मोडतात' आणि कप 'फुटतो'. दोन्ही क्रियापदं आपण इतक्या सहज वापरतो की त्यांतला फरक लक्षातच येत नाही. दागिना मोडला म्हणजे सोनाराने तो आटवला, घट धरली, वजनाचे पैसे हातावर ठेवले आणि ते सोनं पुन्हा नव्याने बाजारात फिरायला मोकळं झालं. कप फुटला म्हणजे संपला. चिनी मातीला मोड नाही. भंगारवाला पत्रा नेतो, रद्दी नेतो, बाटल्या नेतो. फुटक्या बशीला हात लावत नाही.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि जुनी इंग्लिश चिनी माती व जुने दागिने बघण्याचा, परवडलं तर विकत घेण्याचा नाद बाळगून आहे. गाव कर्जत. लोकल जाते ते रायगडमधलं कर्जत नव्हे. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. राशीनची देवी, सिद्धटेकचा गणपती, रेहेकुरीची काळविटं आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ, ही आमच्या तालुक्याची ओळख. या नादात एक कोडं सारखं समोर येतं. सव्वाशे वर्षं जुनी इंग्लिश बशी शोधली तर सापडते. त्याच काळातला, आपल्याच भागातल्या शेतकरी बाईचा दागिना मात्र क्वचित दिसतो. नाजूक वस्तू टिकली आणि धातूची नाहीशी झाली, असं का झालं?

बशी उलटी करा

जुनी बशी हातात आली की आधी उलटी करायची. सगळी माहिती बुडाशी असते. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर पतंगाच्या आकाराचा शिक्का असे. त्याच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीचं वर्ष, महिना आणि दिवसही काढता येतो. १८८४ पासून पतंग गेला आणि सलग नोंदणी क्रमांक आले. प्रोग्रॅमरला यात गंमत वाटणारच. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी बशीला टाइमस्टॅम्प देऊन ठेवलाय. अमेरिकेने १८९० मध्ये आयात मालावर देशाचं नाव असण्याची सक्ती केली आणि बशांच्या बुडाशी 'इंग्लंड' असं छापलं जाऊ लागलं. 'मेड इन इंग्लंड' हे तीन शब्द बहुतेक करून त्यानंतरचे, विसाव्या शतकातले. त्यामुळे विक्रेता "दोनशे वर्षांची आहे" म्हणत असेल आणि खाली 'मेड इन इंग्लंड' असेल, तर हसून बशी परत ठेवायची.

'चिनी माती' या नावातच तिचा उगम आहे. युरोपला हे गुपित उलगडायला अठरावं शतक उजाडलं. जर्मनीतल्या माइसेनमध्ये १७१० मध्ये कारखाना निघाला. इंग्रज मागाहून आले, पण त्यांनी स्वतःची वाट काढली. १७९० च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळण्याची कृती पक्की केली. साधारण निम्मी राख, उरलेल्यात पांढरी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. हीच बोन चायना. उजेडासमोर धरली की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. याच स्पोडने १८१५ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या शिकारीची चित्रं ताटांवर छापली. इंग्लंडच्या जेवणाच्या टेबलावर हत्ती, वाघ आणि रानडुकरं आली, तीही निळ्या रंगात.

आमच्या बाजूला हा माल यायच्या वाटा दोन. पहिली फौजेची. १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे तिथे छावणी झाली. साहेबाची बदली झाली की घरसामानाचा लिलाव होई, आणि कपबश्या, घड्याळं, आरसे गावातल्या पैसेवाल्यांकडे जात. दुसरी वाट रेल्वेची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि मुंबई बंदरात उतरलेला माल नगरच्या पेठेत पोहोचणं सोपं झालं.

कपाचा विटाळ

पण कप घरात येणं सोपं नव्हतं. जुन्या सोवळ्याच्या हिशोबात तांब्या-पितळेचं भांडं चिंच-राखेने घासलं, विस्तवावर धरलं की शुद्ध. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की टाकायचं. चिनी मातीचा कप दिसायला स्वच्छ, पण जात मातीची. त्यात तो साहेबाचा. हाडांची राख ही तर वेगळीच अडचण. कित्येक घरांत कपबशी आली तरी तिची जागा स्वयंपाकघराबाहेर असे.

एक कप केवढं वादळ उठवू शकतो हे पुण्याने १८९० मध्ये पाहिलं. पंचहौद मिशनच्या एका कार्यक्रमात शहरातल्या प्रतिष्ठितांसमोर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. चहा नेमका कोणी प्यायला आणि कोणी नुसता कप हातात धरला, यावर राज्यातले सगळ्यात बुद्धिमान लोक वाद घालत होते.

हा किस्सा आपण आता हसत सांगतो, कारण त्यातली माणसं मोठी होती आणि त्यांचं फारसं बिघडलं नाही. पण त्याच नियमाचं दुसरं टोक गावातल्या चहाच्या हॉटेलात होतं आणि ते कितीतरी जास्त वर्षं टिकलं. दलितांसाठी वेगळी कपबशी. बऱ्याचदा कान तुटलेली, टवका गेलेली, बाहेर कोनाड्यात किंवा वळचणीला ठेवलेली. चहा वरून ओतला जाई. पिणाऱ्याने प्यायचा, कप स्वतः धुवायचा आणि होता तिथे ठेवायचा. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. १९५५ च्या अस्पृश्यता विरोधी कायद्यात तर सार्वजनिक हॉटेलांतल्या भांड्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला. एका देशाच्या संसदेला कपाबद्दल कायदा करावा लागतो, तेव्हा त्या कपाचं वजन कळतं.

संग्राहकांच्या भाषेत टवका गेलेल्या कपाची किंमत निम्म्याहून कमी होते, कान तुटला तर शून्य. म्हणून हा कप कुठल्याही किंमतयादीत सापडणार नाही. महाराष्ट्राचा इतिहास सांगायला सोनेरी काठाच्या डिनर सेटपेक्षा तो कप जास्त उपयोगाचा आहे, असं मला वाटतं.

गळ्यातली राणी

आता दागिन्यांकडे. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा नवा रुपया निघाला. आपल्याकडे तो 'राणीछाप'. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, चांदी जवळपास ९२ टक्के. रुपया हे चलनही होतं आणि वजनाचं मापही. सोनाराने त्याला कडी जोडली, दोऱ्यात ओवला की दागिना तयार. वीस रुपयांची माळ म्हणजे वीस तोळे चांदी. हिशोबाला तराजूही नको.

वर्षही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाच्या बदल्यात इंग्लंडहून मुंबईत चांदी येत राहिली. त्या चांदीचे रुपये झाले आणि काही रुपयांच्या माळा. बशीच्या बुडाशी इंग्लंडचं नाव आणि माळेत इंग्लंडची राणी, दोन्ही एकाच व्यापाराची पोरं.

राणीछाप ओळखायच्या दोन खुणा. १८६२ साल असलेला रुपया त्याच वर्षी पाडलेला असेलच असं नाही. १८७४ पर्यंत टांकसाळी तेच साल छापत राहिल्या. आणि १८७७ पासून नाण्यावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. लोकांनी जुने रुपये दाबून ठेवले ते राणीच्या प्रेमापोटी नव्हे. आतली चांदी छापील किमतीपेक्षा भारी होती, एवढंच. 'बंदा रुपया' हा शब्द अजून आपल्या बोलण्यात खणखणतो.

नाणं गळ्यात घालण्याची रीत त्याहून जुनी. पुतळ्यांच्या माळेतलं 'पुतळी' हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरच्या मानवाकृतींवरून आलं असं मानलं जातं. म्हणजे खानदानी मराठी दागिना म्हणून आपण जो मिरवतो, त्याच्या मुळाशीही परदेशी नाणं आहे.

मोड

मग हे दागिने गेले कुठे? तारखा एकापुढे एक लावल्या की उत्तर दिसतं.

अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, इकडे सरकारने शेतसारा वाढवलेला. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात उठाव झाला आणि लोण नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत पोहोचलं. लोकांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. या दंग्यांतून १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा निघाला. पण त्याआधीच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ येऊन गेला होता. त्या वर्षांत मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांच्या रूपातली चांदी ढिगाने आली. वाळे, तोडे, माळा वितळल्या आणि पुन्हा रुपये झाले. ज्या साच्यातून निघाल्या त्याच साच्यात परत.

पुढची मोठी मोड १९३१ ची. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, सारा आणि व्याज तेवढंच राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं आणि सोन्याचा भाव चढला. शेतकऱ्यांनी घरातलं किडूकमिडूक विकलं, पेढ्यांनी गोळा केलं आणि हिंदुस्थानातून सोनं जहाजांनी बाहेर गेलं. आर्थिक इतिहासात याला 'नाइलाजाचं सोनं' म्हणतात. लंडनमध्ये मात्र ते पौंड वाचवायला कामी आलं.

आणि १९७२. आमच्याकडे हे साल सांगायला पंचांग लागत नाही. खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो, चारा नाही म्हणून सोडलेली जनावरं. दागिना तर त्याआधीच सोनाराकडे गेलेला. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत पुरावशेष आणि कलानिधी कायदा मंजूर झाला. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावशेष, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येणार नाही. कायदा चांगलाच आहे. पण १८७२ चा तोडा १९७२ पर्यंत पोहोचायला मधल्या प्रत्येक दुष्काळात त्या घरी भाकरी असायला हवी होती.

कोड्याचं उत्तर एवढंच आहे. बशी टिकली, कारण अडीनडीला तिचा काही उपयोग नव्हता. दागिना गेला, कारण तो ज्यासाठी केला होता तेच काम त्याने केलं. संग्रहालयातल्या काचेमागे अखंड राहिलेला जुना दागिना बहुधा अशा घरचा असतो, ज्याला तो मोडायची वेळ आली नाही. म्हणून 'पारंपरिक मराठी दागिने' म्हणून जे आपल्याला दिसतं, ते मुख्यतः सरदार-सावकारांच्या घरातलं असतं. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर डेटा खोटा नाही, अपुरा आहे.

काय जपायचं

पुण्याच्या दिनकर केळकरांना (१८९६–१९९०) हे आपल्या आधी कळलं होतं. चष्म्यांचं दुकान चालवणारा आणि 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरला आणि अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, कुलपं गोळा करत राहिला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांना रोजच्या वापरातल्या वस्तूंचं वेड होतं. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे संग्रह महाराष्ट्र सरकारकडे सोपवला. वीस हजारांहून अधिक वस्तू आज तिथे आहेत. अडकित्ते बघायला तरी जाच.

आपल्याला एवढं जमणार नाही आणि गरजही नाही. मोड थांबणार नाही. कोणाच्या दवाखान्याच्या बिलापुढे वारसा वगैरे बोलणं बरं दिसत नाही. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, जो १८७७ मध्ये नव्हता. घरातला जुना दागिना सोनाराकडे निघालाच, तर आधी मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन लिहा, नाण्यावरचं साल लिहा. कोणी केला, कोणाच्या लग्नात आला, याआधी कधी गहाण पडला होता का, हे आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. बशी असेल तर उलटी करून शिक्क्याचा फोटो घ्या. आणि गावातल्या जुन्या हॉटेलवाल्याशी ओळख असेल तर तो वेगळा कप कुठे ठेवत असत, हेही विचारून बघा. बरेच जण विषय बदलतील. एखादा हात करून कोनाडा दाखवेल. त्याचाही फोटो घ्या.