सोळा आण्यांचे शंभर पैसे

विसाव्या शतकात भारतात झालेले मोठे बदल सांगा, असे विचारले तर आपण स्वातंत्र्य, राज्यघटना, प्रौढ मताधिकार, भाषावार प्रांतरचना अशी नावे घेऊ. या यादीत सहसा न येणारा एक बदल १९५७ ते १९६२ या काळात झाला. देशाची नाणी, वजने आणि मापे बदलली. शेतमजूर असो की कारखानदार, या बदलापासून कोणाचीच सुटका नव्हती. मीठमिरची घ्यायची तरी नवा हिशेब शिकावा लागला. म्हणूनच इतिहासाच्या वर्गात याचा विचार व्हायला हवा.

आधी जुनी व्यवस्था पाहू. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे आणि एका पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. वजनात ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. धान्य मात्र बहुधा वजनावर न देता मापाने देत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. यातला शेर हा मापाचा शेर. वजनाचा शेर निराळा.

आज हे सगळे विचित्र वाटते, पण त्यामागे एक व्यवहारी तर्क होता. साध्या तराजूच्या दोन पारड्यांत माल विभागला की त्याचे बरोबर दोन भाग होतात. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दोन भाग केले की पाव मिळतो. वजने नसली तरी हे जमते. दहावा भाग मात्र असा काढता येत नाही. सोळा ही संख्या चार वेळा निम्मी करता येते, दहा एकदाच. म्हणून बाजारात निम्मे, पाव, अर्धपाव यांचे राज्य होते आणि शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी पाठ करत होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ही पाठांतरे म्हणजे त्या काळच्या बाजाराचे गणित होते.

मग अडचण कुठे होती? एकाच नावाचे माप सगळीकडे सारखे नव्हते. ब्रिटिश काळात बंगालचा प्रमाण मण सुमारे ८२ पौंडांचा म्हणजे ३७.३ किलोग्रॅमचा होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा म्हणजे १२.७ किलोग्रॅमचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा म्हणजे ११.३ किलोग्रॅमचा होता. पायलीचा मणही कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. त्यात माप शीग लावून भरायचे की काठाशी सपाट करायचे हा प्रश्न असे. शेतकऱ्याकडून घेताना शीग आणि त्याला देताना सपाट, असे झाले तर माप तेच राहूनही त्याचे नुकसान होई. माप कोणाचे चालणार, याचे उत्तर त्या गावात वजन कोणाचे पडते यावर ठरे.

हा अनुभव केवळ भारताचा नव्हता. फ्रान्समध्ये १७८९ साली राजासमोर मांडलेल्या गाऱ्हाण्यांमध्ये सरंजामदारांच्या वेगवेगळ्या मापांविषयी अनेक तक्रारी होत्या. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली तिथे मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला. मापे कोणा एकाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून मीटरची लांबी पृथ्वीच्या परिघावरून ठरवण्यात आली. तरीही फ्रान्समध्ये ही पद्धत पक्की सक्तीची व्हायला १८४० साल उजाडले.

भारतात ब्रिटिश सरकारने १८७० आणि १८७१ साली मेट्रिक वजनांसाठी कायदे केले, पण ते कागदावरच राहिले. लोकांच्या रोजच्या व्यवहाराला हात घालण्याइतकी गरज किंवा तयारी त्या सरकारला वाटली नाही. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. संस्थाने विलीन झाली, देश ही एक बाजारपेठ झाली आणि पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. उद्योग फार वाढल्यावर यंत्रे आणि साचे बदलणे महाग पडेल, तेव्हा बदल करायचा तर आताच, असा विचार पुढे आला. १९५५ साली नाण्यांचा आणि १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपया तोच राहिला, फक्त त्याचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून या भागाला ‘नवा पैसा’ म्हटले गेले. नाण्यावर हिंदीत ‘रुपये का सौवाँ भाग’ असे छापले होते, म्हणजे नाणे स्वतःच आपला अर्थ सांगत होते. एक पैसा गोल, पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैसे नागमोडी कडांचे. त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही ओळख पटे. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून व्यापारात सक्तीची झाली. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळून नुसता पैसा राहिला. ब्रिटनने आपले चलन दशमान केले ते १९७१ साली, म्हणजे भारतानंतर चौदा वर्षांनी.

या बदलाची किंमत कोणी मोजली, हे विद्यार्थ्यांना गणिताने शोधता येईल. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे अधिकृत कोष्टकात एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ नवे पैसे असे धरले होते. आता जुना एक पैसा घ्या. तो १.५६ नव्या पैशांचा, कोष्टकात २. चार आण्यांचा माल एकदम घेणाऱ्याचे काहीच गेले नाही. पण एकेका पैशाचा माल चार वेळा घेणाऱ्याला एका आण्याच्या मालासाठी ८ नवे पैसे पडले, म्हणजे सुमारे २८ टक्के जास्त. रोजच्या मजुरीवर जगणारा माणूसच असा थोडाथोडा माल घेतो. पुढे ज्याला खऱ्या मापाचा सर्वांत जास्त फायदा व्हायचा होता, त्यालाच सुरुवातीला झळ बसली. सामाजिक सुधारणेचे मूल्यमापन करताना ‘देशाचा फायदा झाला’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाचा, केव्हा’ हेही विचारावे लागते, ते यासाठी.

कायद्याने पाच वर्षांत बाजार बदलला. भाषा मात्र सावकाश बदलते आहे. आपण पावशेर हा शब्द वापरतो, पण तराजूत २५० ग्रॅम असतात. सराफाकडचा तोळा पूर्वी ११.६६ ग्रॅमचा होता, आता व्यवहारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिले जाते, पण बोलताना एकर आणि गुंठेच येतात. त्यातल्या त्यात सोय अशी, की एक गुंठा जवळजवळ एक आर भरतो. ‘शेरास सव्वाशेर’ म्हणणाऱ्या मुलाला शेर किती हे माहीत नसते, पण अर्थ बरोबर कळतो. पावकी-निमकी मात्र शाळेतून गेली आणि तिच्याबरोबर अपूर्णांकांचे तोंडी गणितही मागे पडले.

१९५७ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत. तुमच्या गावात अशी माणसे असतील, कोणाच्या माळ्यावर पायली किंवा शेराचे मापही असेल. विद्यार्थ्यांना ती मापे आणून त्यांत पाणी भरू द्या, ते लिटरमध्ये मोजू द्या आणि दोन घरांतल्या शेरांची तुलना करू द्या. आकडे जुळले नाहीत, तर ते का जुळत नाहीत यावर वर्गात चर्चा सुरू करता येईल.