देवळातला दिवा आणि बहात्तरचं साल

बहात्तरच्या दुष्काळावर पुष्कळ लिहून झालंय. जनावरं मातीमोलानं गेली, माणसं खडी फोडायला गेली, हे सगळं त्यात येतं. आमच्या वेशीजवळच्या विठ्ठलाच्या देवळातल्या दिव्याचं मात्र कुणी लिहिणार नाही. त्या दिव्याशी माझा एक गुन्हा जोडलेला आहे, म्हणून मीच लिहितो.

आमचा मंगळवेढा तालुका म्हणजे ज्वारीचं कोठार. जमीन काळी, खोल. परतीचा पाऊस एकदा मनासारखा झाला की मग ओलीवर आणि थंडीवर ज्वारी येते, वरून पाणी लागत नाही. ज्वारीबरोबर करडई. ज्वारी पोटाला, करडई तेलाला, असा हिशोब. 1972 च्या आधीचं सालही ओढाताणीचंच गेलं होतं आणि त्या वर्षी तर पावसानं तोंडच दाखवलं नाही. पेवं रिकामी झाली. जुनी माणसं अजून म्हणतात, बहात्तरला विहिरीत पाणी होतं पण खायला नव्हतं.

वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारनं रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंगची कामं काढली. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांची. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 साली झाला, पण आमच्या घरातली चूल बहात्तरलाच त्या कामावर पेटली. आई आणि दादा खडीवर जायचे. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. आम्हा पोरांना सुकडी. ती मात्र गोड लागायची, खोटं कशाला बोलू.

देवळाला रोज एक पळी तेल घालायची घरोघर पाळी होती. दिवा बाहेरच्या दिवळीत ठेवायचे. गावात वीज नव्हती, त्यामुळं तो लांबून दिसायचा. करडईच गेली तर तेल कुठलं? काहीजण म्हणाले, पाऊस पडेपर्यंत दिवा बंद ठेवू, देव काही रागावणार नाही. माझी आईसुद्धा त्यातलीच. "पोरांच्या कोरड्यासाला थेंब न्हाई आन् दगडाला तेल?" असं ती बोलून गेली. तिचंही खोटं नव्हतं.

आज्जीनं मात्र ऐकलं नाही. म्हणाली, "देवाला अंधाराचं काय भ्या? रातच्याला खडीवरनं माणसं येत्यात, त्यास्नी गाव दिसाय नको?" ज्या घरात तेल नव्हतं त्यांची पाळी दुसऱ्यानं घ्यायची, असं ठरलं. पळीची अर्धी पळी झाली, पण दिवा चालू राहिला.

मी तेव्हा 12 वर्षांचा. एका संध्याकाळी मी आणि माझा एक जोडीदार देवळात गेलो. भाकरी घरून नेली होती, चटणी पुडीत होती. दिव्यातलं तेल चटणीवर ओतलं आणि दोघांनी खाल्लं. तशी भाकरी मला नंतर कधी लागली नाही. वात काजळून विझली.

अंधार पडल्यावर खडीवरची माणसं आली. त्यांत आमच्या आळीतली एक काकी होती. नवरा कामासाठी मुंबईला गेला होता, त्याचा कागद नव्हता की निरोप नव्हता. दिवळीकडं बघून ती थांबली आणि म्हणाली, "आज दिवा न्हाई? आता देवबी गाव सोडून गेला व्हय?" आणि डोक्यावरची पाटी खाली टाकून पायरीवर बसून रडायला लागली. मी खांबाआड उभा होतो. हाताला तेलाचा वास येत होता.

आज्जीनं वास ओळखला. मारलं नाही. घरातलं उरलंसुरलं तेल आणून तिनं माझ्याच हातानं दिवा लावून घेतला. रात्री दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याच्या पोराला ती पाठच असते. दुष्काळात पंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली आणि विठोबानं विठू महाराच्या रूपानं जाऊन त्याचे पैसे चुकते केले. यात इतिहास किती आणि कथा किती ते जाणकारांनी ठरवावं. आज्जी एवढंच म्हणाली, "इठोबा मागनं आला. कुलूप आधी पंतांनी काढलं." मग कूस बदलून झोपली. मला झोप आली नाही.

त्या दिवसापासून दिवा लावायचं काम माझ्याकडं आलं. कुणाच्या घरी तेल असेल तिथं वाटी घेऊन जायचं. दार लावून घेणारेही भेटले, आणि स्वतः कोरडी भाकरी खाऊन वाटीत चमचाभर घालणारेही भेटले. काकी रोज येताना दिवळीसमोर क्षणभर थांबायची. मी काय केलं होतं ते तिला कधी सांगायचं धाडस झालं नाही. तिचा नवरा पुढच्या पावसाळ्यात परत आला.

1973 ला पाऊस झाला. करडई पेरली, काढली आणि घाण्यावरून तेलाचा डबा घरी आला. आईनं तो उघडला, पहिली पळी काठोकाठ भरली आणि माझ्या हातात दिली. "सांडू नको," म्हणाली, "आदी देवळात जा."