सापाने तोंड फिरवले तेव्हा : बंदिस्त सापांच्या भुकेचा इतिहास

१/ पाळलेल्या सापाच्या पिल्लासमोर नेहमीपेक्षा थोडा मोठा उंदीर ठेवला आणि त्याने तोंड फिरवले, ही आज हौशी सर्पपालकांची नेहमीची अडचण आहे. हा प्रश्न मात्र नवा नाही. गारुड्याची टोपली, परळची प्रयोगशाळा आणि पुण्याचे सर्पोद्यान या तिन्ही ठिकाणी तो उभा राहिला. एके काळी त्याच्या उत्तराशी माणसांचे प्राणही जोडलेले होते. त्याचा हा मागोवा. #थ्रेड

२/ आरंभ अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातून करू. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत येथे यात्रा भरते. गाढवांचा बाजार आणि भटक्या जमातींच्या जातपंचायती यांमुळे मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हटले जाते. उत्तरेत हेच कानिफनाथ ‘कानिपा’ होतात आणि राजस्थानातील साप खेळवणारे कालबेलिया आपली परंपरा त्यांच्याशीच जोडतात.

३/ नाथपंथाच्या छायेत वाढलेल्या या भटक्यांकडे सापाचे मोठे ज्ञान होते. बीळ कोणते, माग कोणता, नाग केव्हा बाहेर पडेल आणि त्याला कसे धरावे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मात्र सापाला दीर्घकाळ जगवणे हा त्या व्यवसायाचा भाग नव्हता. रानात साप मुबलक होते. एक मेला की दुसरा मिळे. त्यामुळे टोपलीतल्या सापाची भूक हा प्रश्न सोडवण्याऐवजी पुढे ढकलला गेला.

४/ कित्येकदा तर खाण्याचा मार्गच बंद केलेला असे. विषदंत उपटलेला किंवा तोंड दोऱ्याने शिवलेला नाग भक्ष्य पकडणार तरी कसा? नागपंचमीपूर्वी अनेक दिवस उपाशी आणि तहानलेला ठेवलेला असा नाग समोर येईल ते द्रव पितो. आपण त्याला ‘नाग दूध प्याला’ म्हणतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही आणि फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते.

५/ सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची रीत निराळी होती. तेथे नागपंचमीच्या आधी जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवत आणि सण झाल्यावर रानात सोडून देत. परंपरा या उत्सवाचा संबंध गोरखनाथांशी जोडते. पुढे वन्यजीव संरक्षण कायदा आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे ही प्रथा रोखली गेली. मात्र त्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मुक्काम थोडक्या दिवसांचा असेल, तर खाऊ घालण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र सापांना दीर्घकाळ जिवंत ठेवण्याची गरज निर्माण झाली. १८९० च्या दशकात फ्रेंच वैद्य आल्बेर कालमेत यांनी सर्पदंशावर प्रतिविष तयार केले. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवत वाढवत टोचायची आणि त्याच्या रक्तातून औषध मिळवायचे, ही ती पद्धत. तिला विष पुन्हा पुन्हा लागते आणि विषासाठी जिवंत साप लागतो.

७/ मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. हीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे जॉर्ज लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांच्या विषांवर संशोधन केले. म्हणजे गारुड्याने पुढे ढकललेला प्रश्न आता शास्त्रज्ञांच्या दारी आला होता : पकडलेला साप खात नाही, मग काय करायचे?

८/ पहिले उत्तर बळजबरीचे होते. कालमेत यांच्या ग्रंथात लिल येथील प्रयोगशाळेत सापाचा जबडा उघडून त्याला अन्न भरवतानाची चित्रे आहेत. साप धरायचा, घशात नळी घालायची आणि अन्न आत ढकलायचे, ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत आणि प्राणिसंग्रहालयांत बराच काळ चालली. तिने काही साप तगले. परंतु दाबून धरल्याने साप घाबरतो, तोंडाला इजा होते आणि भरवलेले अन्न तो पुष्कळदा ओकून टाकतो.

९/ हाफकिनमध्ये पुढे सापांचे संगोपन आणि अभ्यास यांना डॉ. पु. ज. देवरस यांनी शिस्त दिली. तेथील सर्पशाळेत कोणत्या सापाकडून किती विष मिळते, याच्या नोंदींचा त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले. साप ही वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार येथे रुजला.

१०/ तमिळनाडूत १९७८ मध्ये वेगळी वाट निघाली. तेथील इरुला सर्पपकड्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. साप सुमारे चार आठवडे मडक्यांत ठेवायचा, या काळात काही वेळा विष काढायचे आणि मग त्याला रानात सोडायचे. आज देशातील प्रतिविषासाठीचे विष मुख्यतः याच संस्थेकडून येते. शिराळ्याच्या रीतीत जे तत्त्व होते, ते येथे औषधाच्या कामी आले.

११/ परंतु ज्यांना साप सोडून देता येत नव्हता, त्यांचे काय? त्यांचे उत्तर सापाच्या घशात नळी घालून मिळणार नव्हते. ते मिळाले सापाच्या पोटात काय सापडते हे पाहून. लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर फ्रँक वॉल यांनी मेलेल्या असंख्य सापांची पोटे तपासून आतील भक्ष्याची नोंद ठेवली. भारतीय सापांवरील त्यांची प्रदीर्घ लेखमाला १९०५ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

१२/ अशा नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होत गेली. पिल्लू म्हणजे मोठ्या सापाची छोटी प्रतिकृती नव्हे. मोठी घोणस मुख्यतः उंदीर-घुशींवर जगते, तर तिची पिल्ले पाली-सरड्यांच्या मागे असतात. नागाचे पिल्लू बेडकावर वाढते आणि उंदीर त्याच्या आहारात पुढे येतो. बंदिवासात जन्मलेल्या पिल्लाला उंदीर दिला आणि त्याने नाकारला, तर तो त्याचा हट्ट नसतो. ते त्याच्या वयाचे अन्नच नसते.

१३/ मग पिल्लू आपले अन्न ओळखते तरी कसे? अमेरिकी शास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात कधीही काही न खाल्लेल्या नवजात सापांसमोर निरनिराळ्या भक्ष्यांचे अर्क कापसाच्या बोळ्यावर धरले. ज्या जातीचे जे नैसर्गिक अन्न, त्याच वासावर तिची पिल्ले जीभ लपलपवून तुटून पडली. जिभेने टिपलेले रेणू टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे जातात. सापाची ‘आवड’ जन्मतःच तेथे वसलेली असते.

१४/ नळीऐवजी वास हाती आला आणि पद्धत बदलली. मोठ्या भक्ष्याला ओळखीच्या भक्ष्याचा वास लावायचा : उंदराच्या पिल्लावर पाल घासायची किंवा मोठ्या उंदरावर लहान उंदराचा वास चढवायचा. साप खाणाऱ्या नागराजाला उंदराची सवय लावताना प्राणिसंग्रहालये उंदरालाच सापाचा वास देतात. दुसरी युक्ती सलगतेची. लहान भक्ष्य गिळून होत आले, की किंचित मोठे लगेच त्याच्या शेपटाला टेकवायचे. गिळण्याच्या ओघात तेही आत जाते.

१५/ आकाराचे गणित शरीररचनेत आहे. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांना जोडलेले नसून लवचीक बंधाने सांधलेले असतात. डावी बाजू पुढे, मग उजवी, असा जबडा भक्ष्यावरून ‘चालत’ जातो. म्हणून डोक्याहून रुंद घासही जमतो, पण मर्यादेत. सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतके रुंद भक्ष्य, हा सर्वमान्य दंडक. पायरी चढवायची ती थोडी थोडी. घास फार मोठा झाला किंवा ऊब कमी पडली, तर साप तो ओकतो.

१६/ महाराष्ट्रात ही नवी दृष्टी लोकांपुढे येण्यास सर्पोद्यानांनी हातभार लावला. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. पुंगीपुढे डोलणारा साप पाहिलेल्या पिढीला येथे न डोलणारा, खाणारा, कात टाकणारा साप पाहता आला.

१७/ आज प्रश्न घराघरांतील काचेच्या पेट्यांत आला आहे. १९७२ च्या कायद्यानुसार संरक्षित असलेले नाग, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे हौशी लोक पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथनसारख्या विदेशी जातींकडे वळले. अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना केंद्राने जून २०२० मध्ये आणली आणि २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीला कायद्याचा आधार दिला. बॉल पायथन तर न खाण्याबद्दलच प्रसिद्ध आहे.

१८/ त्याच्या मालकाने इतिहासाचा एवढा धडा घ्यावा. साप महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, म्हणून आठवड्याभराच्या नकाराने जबडा उघडायला धावू नये. कात टाकण्याचे दिवस आहेत का, ऊब पुरेशी आहे का, लपायला आडोसा आहे का, हे आधी पाहावे. मग वास, मग आकार. वजन मात्र नियमित मोजावे. ते घसरत राहिले, तर पशुवैद्याकडे जावे. बळाने भरवणे हा शेवटचा उपाय, तोही जाणत्या हातानेच.

१९/ भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यांना वाचवणारे औषध जिवंत, धडधाकट सापाच्या विषापासूनच बनते. वाटीभर दूध, घशातली नळी आणि अवेळी दिलेला मोठा उंदीर या तिन्हींत चूक एकच होती : सापाने काय खावे हे माणसाने ठरवले. जेथे सापालाच विचारले गेले, तेथे तो जगला.