सोळा आण्यांचे शंभर पैसे

१ एप्रिल १९५७ ला टपालखात्याच्या खिडकीवर नवी तिकिटं आली. त्यांवर भारताचा नकाशा होता आणि किंमत नव्या पैशांत. रुपया तोच, पण त्याच्या पोटातलं सगळं बदललं होतं. कालपर्यंत त्याचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत. आता सरळ शंभर.

हे कुणाचं तरी खूळ नव्हतं. स्वतंत्र भारताच्या वाट्याला आलेला हिशेबच ठिगळांचा होता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ चा, बंगालचा ८२ पौंडांच्याही वर. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चाले आणि सात हाली रुपये मोडले की सहा भारतीय रुपये हाती पडत. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, पण हाली त्यानंतरही काही वर्षं चालूच राहिला. संस्थानं कागदावर विलीन झाली. गल्ल्यातलं विलीनीकरण मागून, रेंगाळत आलं.

नाण्यांचा कायदा १९५५ चा, वजनमापांचा १९५६ चा. शेर, छटाक, तोळा जाऊन किलो-ग्रॅम आले ते १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने. पैशांना मात्र दिवस ठरवून दिला होता, आणि खरी गंमत तिथेच झाली.

एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ता निघाला: एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. जुन्या एका पैशाचे नवे दोन. आता बघा, चार जुने पैसे एकदम दिले तर तो एक आणा, म्हणजे सहा नवे पैसे. तेच पैशापैशाने चारदा दिले तर आठ. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला हा फरक जाणवायचाही नाही. तो पैशापैशाने मीठमिरची नेणाऱ्याच्या वाट्याला.

जुनी रीत अडाणी होती, असं मात्र म्हणवत नाही. सोळा हा आकडा निम्मा करत जा: आठ, चार, दोन, एक. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या माणसाला कागद-पेन्सिल लागत नसे. शंभराचं निम्मं पन्नास, त्याचं पंचवीस, आणि पुढे साडेबारावर गाडी अडते. दशमान पद्धत कारकुनाला, कारखान्याला, शाळेतल्या पोराला सोपी. तोंडी हिशेबात मुरलेल्या मुनिमाची मात्र अर्धी विद्या एका कायद्याने मोडीत निघाली.

सरकारलाही लोकांच्या गोंधळाची कल्पना असावी. एक नव्या पैशाच्या नाण्यावर तो रुपयाचा शंभरावा भाग आहे, हे हिंदीत छापलं होतं. नाण्यानेच ग्राहकाला गणित शिकवायचं! ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळालं. आपल्यावर राज्य केलेल्या ब्रिटनने स्वतःचे शिलिंग-पेन्स दशमानात आणले ते १९७१ मध्ये, म्हणजे भारतानंतर चौदा वर्षांनी.

बोलण्यातून आणा तरी हलला नाही. पंचवीस पैसे चार आणेच राहिले, पन्नास आठ आणे आणि पाऊण रुपया बारा आणे. पिकाचा अंदाज पूर्वी सोळा आण्यांवर धरत, म्हणून ती आणेवारी. महसूलखात्याच्या कागदांवर आता पैसेवारी असते आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. पारावर बसलेला शेतकरी मात्र तलाठ्याला अजूनही विचारतो, ‘‘भाऊसाहेब, यंदा आणेवारी किती लावली?’’