एकाच रुळावरची तीन गावे : यशवंतपूर, धारवाड, बेळगाव आणि मराठी भाषकांची राजकीय अस्मिता

बेंगळुरूच्या वायव्येस असलेले यशवंतपूर हे आज घाऊक बाजार, कारखाने आणि मेट्रो यांनी वेढलेले गजबजते उपनगर आहे. १८८४ साली बेंगळुरूहून गुब्बीपर्यंत मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला, तो यशवंतपूरवरून जात होता. १८८६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या रेल्वेची व्यवस्था 'सदर्न मराठा रेल्वे' या कंपनीकडे सोपविण्यात आली. १८८९ मध्ये हरिहरपर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि लवकरच बेंगळुरू हे हुबळी, धारवाड, बेळगाव, मिरज या वाटेने पुण्याशी जोडले गेले. कंपनीची मुख्य कचेरी धारवाडला होती. म्हणजे ज्या नगरात कन्नड अस्मितेची पहिली संघटित चळवळ उभी राहत होती, त्याच नगरात 'मराठा' हे नाव धारण करणारी रेल्वे आपला कारभार चालवीत होती. इंग्रजांनी हे नाव भाषेवरून दिलेले नव्हते. पटवर्धनादी सरदारांच्या जहागिरी ज्या मुलखात होत्या, तो मुलूख कन्नड बोलत असूनही त्यांच्या दप्तरी 'दक्षिण मराठा प्रदेश' ठरला. भूमीला सत्तेचे नाव मिळाले आणि तेथील माणसांना पुढील शंभर वर्षे त्या नावाशी झगडावे लागले किंवा जुळवून घ्यावे लागले.

यशवंतपूर हे नावदेखील मराठी कानाला आपले वाटते. परंतु नावांवरून वंशावळी मांडण्याचा मोह मराठी स्थानिक इतिहासलेखनाला पुरेसा नडलेला आहे. तो येथे टाळलेला बरा.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांचा विचार आपल्याकडे प्रायः 'बृहन्महाराष्ट्र' या कल्पनेच्या चौकटीत होतो. या चौकटीचे माप नकळत बेळगाववरून घेतलेले असते. जेथे मराठी भाषक आपल्या भाषेसाठी संघर्ष करतात, तेथे अस्मिता जागी आहे असे मानले जाते. जेथे तसा संघर्ष आढळत नाही, तेथे समाज 'विरघळला' असा निष्कर्ष निघतो. बेंगळुरूच्या मराठी समाजाविषयी असा निष्कर्ष वारंवार काढला गेला आहे. तो तपासून पाहिला असता टिकत नाही. या समाजाची राजकीय अस्मिता क्षीण झालेली नसून ती वेगळ्या भूमीत वेगळ्या आकाराने वाढलेली आहे, आणि तो आकार कसा घडला हे त्या भूमीच्या इतिहासाखेरीज कळणार नाही.

१६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने केंपेगौडाकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जयराम पिंडे याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ या दरबाराची साक्ष देतो. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृत चंपूच्या अखेरीस जयरामाने मराठी, कन्नड, फारसी आदी अनेक भाषांतील पद्यरचनेला स्थान दिले आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या ग्रंथाकडे पाहताना बहुधा त्याची बहुभाषिकता हे कवीचे कौशल्य मानले. ते कौशल्य आहेच. पण ज्या दरबारात एका धन्यासमोर इतक्या भाषांचे कवी उभे राहू शकतात, त्या दरबारात भाषा हे निष्ठेचे प्रमाण ठरलेले नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सतराव्या शतकातील बेंगळुरूची मराठी सत्ता ही मराठी भाषकांची सत्ता नव्हती. शहाजीराजांचे निधन १६६४ मध्ये होदिगेरे येथे झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला स्थिरावले. दूरचे बेंगळुरू सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले आणि ते चिक्कदेवराज वोडेयर यांस तीन लाख रुपयांना देण्याची बोलणी झाली. मध्येच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि अखेर ते त्याच्याकडून म्हैसूरकरांच्या हाती गेले.

मराठी स्मृतीने या व्यवहाराकडे नेहमी काहीशा संकोचाने पाहिले आहे. गमावलेला किल्ला कथेत घालता येतो, विकायला काढलेले शहर घालता येत नाही. तथापि पुढील राजकारणाच्या दृष्टीने हा व्यवहार निर्णायक ठरला. बेंगळुरूच्या भूमीवर मराठी माणसाचा दावा उरला नाही. उरली ती सेवा. पूर्णय्या यांच्या दिवाणगिरीत आणि त्यानंतर १८३१ ते १८८१ या इंग्रज कमिशनच्या काळात म्हैसूरच्या कचेऱ्यांतील हिशेब व दप्तर यांत कन्नडबरोबर मराठीचा वापर होत होता. १९०६ ते १९०९ या काळात दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले. लेखणीच्या बळावर आलेली ही प्रतिष्ठा दरबाराच्या मर्जीवर अवलंबून होती. तिला पाय होते, जमीन नव्हती.

म्हैसूर संस्थानातील राजकारणाला निर्णायक वळण मिळाले ते १९१८ मध्ये. सरकारी नोकऱ्यांतील ब्राह्मणांच्या वर्चस्वाविरुद्धच्या तक्रारींवरून सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९२१ मध्ये तिच्या शिफारशींवर आदेश निघाला. ब्राह्मण, युरोपीय आणि अँग्लो-इंडियन वगळता सर्व समाज मागासलेले मानण्यात आले. या एका रेषेने बेंगळुरूच्या मराठी भाषकांचे दोन भाग केले. देशस्थ ब्राह्मण एका बाजूला गेले, तर मराठा आणि इतर जाती दुसऱ्या बाजूला, वक्कलिग व लिंगायतांच्या शेजारी, आल्या. घरात एकच भाषा बोलणारी माणसे राज्याच्या दृष्टीने परस्परविरोधी गटांत गेली. ज्या प्रांतात नागरिकाला सरकारदरबारी ओळख मिळते ती जातीच्या नोंदीतून, तेथे राजकीय अस्मितेची भाषाही जातीचीच होणार. बेंगळुरूचा मराठा आधी 'मराठा' झाला तो असा. 'मराठी' असणे घरात, देवघरात आणि लग्नाच्या याद्यांत राहिले.

याची पुढची परिणती पी. जी. आर. सिंधिया यांच्या कारकिर्दीत दिसते. वक्कलिगांचे प्राबल्य असलेल्या कनकपुरा मतदारसंघातून ते १९८३ मध्ये जनता पक्षातर्फे निवडून आले, मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांच्यासाठी त्यांनी ती जागा सोडली आणि १९८५ नंतर दीर्घकाळ तीच जागा राखली. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळात त्यांनी महत्त्वाची खाती सांभाळली. सीमाप्रश्नाच्या मोजपट्टीने त्यांचे राजकारण मोजताच येत नाही. आरक्षणाच्या यादीत कर्नाटकातील मराठा समाज '३ ब' या प्रवर्गात लिंगायतांबरोबर आहे आणि त्याला '२ अ' मध्ये घ्यावे ही समाजसंघटनांची जुनी मागणी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी मराठा विकास मंडळासाठी ५० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. त्या वेळी सरकारने केलेला खुलासा मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे : मंडळ मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नाही. बेळगावच्या चळवळीने ज्या दोन शब्दांत कधी फट पडू दिली नाही, ते दोन शब्द बेंगळुरूच्या सरकारी कागदावर स्वच्छ वेगळे झाले.

बेळगावात असे का घडले नाही, याचे उत्तर त्याच रुळावर पुढे, मुंबई इलाख्यात शोधावे लागते. येथे राज्यकर्त्याशी प्रजेचा संबंध शाळेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धारवाड-बेळगाव भागातील सरकारी शिक्षणावर मराठीचा पगडा होता. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी केलेले प्रयत्न आणि १८९० मध्ये रा. ह. देशपांडे प्रभृतींनी धारवाडला स्थापन केलेला कर्नाटक विद्यावर्धक संघ ही त्याची प्रतिक्रिया होती. भाषा हेच येथे अन्यायाचे आणि म्हणूनच हक्काचे परिमाण झाले. पुढे पारडे फिरले. मे १९४६ मध्ये बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. साहित्याच्या व्यासपीठावरून राज्याच्या नकाशाची मागणी व्हावी हे बेळगावातच शक्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तो दिवस मराठी बेळगावने 'काळा दिवस' मानला, तर उर्वरित राज्याने राज्योत्सव. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगावच्या मराठी माणसाला जातीपेक्षा भाषा जवळची वाटली, कारण शाळेतील पुस्तक, दुकानावरची पाटी, सात-बाराचा उतारा या प्रत्येक ठिकाणी राज्य त्याला भाषेच्या रूपानेच भेटत होते.

या दोन टोकांच्या मध्ये धारवाड आहे, आणि धारवाडला द. रा. बेंद्रे आहेत. घरची भाषा मराठी असलेल्या या कवीने कन्नड ही आपली काव्यभाषा केली, मराठीतही लेखन केले आणि १९७३ मध्ये 'नाकु तंती' या कन्नड संग्रहासाठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला. बेळगावपासून धारवाड जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. पण विद्यावर्धक संघाच्या नगरात वाढलेल्या मराठी घरातील मुलाला कर्नाटकाचे एकीकरण हे आपलेच कार्य वाटू शकले. बेंद्र्यांना मराठी समीक्षेने क्वचित 'आपले हरवलेले' म्हटले आहे. त्यांनी काही हरवले असे मानायला त्यांच्या कवितेत आधार सापडत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन स्थलांतरितांच्या वसाहती झाल्या. फेब्रुवारी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघण्याच्या प्रश्नावर मतदान झाले, तेव्हा फ्रेडरिक्सबर्ग ज्या गिलेस्पी काउंटीत आहे तिने प्रचंड बहुमताने विरोध केला. न्यू ब्राउनफेल्स ज्या कोमल काउंटीत आहे तिने फुटीच्या बाजूने कौल दिला. दोन्हीकडे जर्मन, दोन्हीकडे तीच बोली, तीच गाणी. गिलेस्पी हा सरहद्दीचा मुलूख होता आणि मूलवासींच्या हल्ल्यांपासून संरक्षणासाठी संघराज्याच्या लष्करी ठाण्यांवर अवलंबून होता. कोमलचा व्यवहार दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या मुलखाशी जोडलेला होता आणि तेथील जर्मन वृत्तपत्राचा संपादक लिंडहाइमर फुटीचा पुरस्कर्ता होता. अमेरिकेतील स्थानिक राजकारणाच्या अभ्यासात, व्ही. ओ. की यांच्या १९४९ च्या दक्षिणेविषयीच्या ग्रंथापासून कॅथरिन क्रेमर यांच्या २०१६ च्या विस्कॉन्सिनविषयक अभ्यासापर्यंत, माणसे स्वतःचे हित आपल्या गावाच्या खिडकीतून पाहतात हे सूत्र पुनःपुन्हा आले आहे. गिलेस्पी आणि कोमल यांच्यासारखेच बेळगाव आणि बेंगळुरू. फरक इतकाच की टेक्सासातील जर्मनांवर दूर कुठे एक 'मूळ' राज्य हक्क सांगत नव्हते.

स्थान बदलले की पक्ष कसा बदलतो, याचे एक लोकविख्यात उदाहरण बेंगळुरूनेच दिले. १९५० मध्ये तेथील मराठी कुटुंबात जन्मलेले आणि तेथेच बसवाहक म्हणून नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड चेन्नईला जाऊन रजनीकांत झाले. ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नाटकाने कावेरीचे पाणी सोडावे यासाठी त्यांनी चेन्नईत उपोषण केले. कर्नाटकात यावर संताप उसळला, तो 'आमच्या बेंगळुरूच्या मुलाने' असे करावे म्हणून. त्या संतापात त्यांचे मराठीपण कोणाच्या फारसे लेखी नव्हते.

स्थान हे नकाशावरचे स्थिर टिंब असते असे मात्र नव्हे. बेळगावात २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि राजधानीच तेथे वर्षातून एकदा मुक्कामाला येऊ लागली. खानापूरने २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा, २०१८ मध्ये काँग्रेसचा आणि २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाचा आमदार दिला. तिघेही मराठी भाषक. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीला विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. याला चळवळीचा अंत म्हणणे घाईचे होईल. मराठी मतदाराला भाषेखेरीज इतर वाटांनीही राज्य भेटू लागले आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उलट दिशेनेही हालचाल होते, आणि तिची किंमत बेंगळुरूच्या मराठी माणसाला मोजावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये अधिवेशनाच्या काळात बेळगावात समितीच्या एका नेत्यावर शाई फेकली गेली, त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले आणि काही दिवसांत बेंगळुरूच्या सदाशिवनगरातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला काळे फासण्यात आले. पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली. सदाशिवनगर यशवंतपूरपासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. तो पुतळा बेंगळुरूच्या मराठ्यांच्या दृष्टीने कर्नाटकातल्याच एका समाजाच्या प्रतिष्ठेची खूण होता. एका रात्रीत तो परराज्याचा झेंडा ठरविला गेला. पुढल्या वर्षी डिसेंबरमध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या नोंदणीच्या मालमोटारींवर दगडफेक झाली आणि आंतरराज्य बसगाड्या थांबल्या. तोच महामार्ग पुढे तुमकूरवरून यशवंतपूरच्या बाजारसमितीच्या आवारापाशी पोहोचतो, आणि त्याच वाटेने महाराष्ट्राचा कांदा तेथे उतरतो.

यशवंतपूरला स्वतःचे राजकीय नाव आहे, पण तेही विलक्षण आहे. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत 'यशवंतपूर' या नावाचा विधानसभा मतदारसंघ निर्माण झाला, तो मुख्यतः केंगेरी, हेरोहळ्ळी आणि शहराच्या पश्चिमेकडील वाढत्या वस्त्यांचा. ज्या गावाच्या नावाने तो ओळखला जातो, त्या यशवंतपूरचा महापालिका प्रभाग राजराजेश्वरीनगर मतदारसंघात गेला. स्थानकाजवळ राहणारा मतदार, त्याच्या घरात कोणतीही भाषा बोलली जात असो, यशवंतपूरच्या आमदारासाठी मत देत नाही.